टोपी तर तुझीच होती

प्रिय भाचेबुवा,

अनेक आशीर्वाद.

खानदेशातल्या सायकलप्रवासासाठीची तुझी सामानाची यादी पोचली. तंबू, गॅसची शेगडी, तीन दिवसांचं कोरडं खाणं, सहा लिटर पाणी, आणि सगळ्यात खाली दोनदा अधोरेखित केलेलं : 'वाटेत कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत.' तंबू वाटलंस तर ने. शेगडी घरी ठेव. आणि ते शेवटचं वाक्य तापी ओलांडण्याआधीच खोडून टाक, पलीकडं ते दुपारपर्यंतसुद्धा टिकणार नाही.

मुक्ताईनगरहून रावेर, मग सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा आणि प्रकाशा. उजव्या हाताला सातपुडा, डाव्या हाताला तापी. चढ नावालाच. तुला दमवतील ती माणसं. पाण्याला म्हणून थांबलास की चौघं गोळा होतील. सायकल केवढ्याची? एवढ्यात तर जुनी मोटारसायकल आली असती. नवस बोललाय का? घरी भांडून निघालास का? शिरपूरकडं गेलास की हेच प्रश्न अहिराणीत : 'कथा जाई ऱ्हायना भाऊ?', म्हणजे कुठं चाललास भाऊ? वैतागू नकोस. अनोळखी माणसाला चहा पाजायच्या आधी तो कोण, कुठला, एवढं विचारायचा त्यांचा हक्क आहे. फैजपूरला कुणीतरी १९३६चं काँग्रेस अधिवेशन सांगेल, खेड्यात भरलेलं पहिलं. तुला माहीत असलं तरी ऐकून घे. दहा मिनिटं ऐकलंस तर त्याला बरं वाटेल.

आता सराट्याच्या काट्याची गोष्ट. अडावद सोडलं आणि माझं मागचं चाक बसलं. सायकल बांधाला लावून लघवीला गेलो होतो, तेवढंच निमित्त. पॅच होते, पण सोल्यूशनची नळी वाळून कडक झालेली. अर्धा तास ढकलत नेल्यावर रस्त्याकडेला वडाखाली एक पंक्चरचं दुकान. म्हाताऱ्यानं ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवली, बुडबुड्यावर बोट ठेवलं, पॉलिश पेपरनं घासून पॅच बसवला. दहा मिनिटांचं काम. पण हवा भरायला गेला तर नळीचं तोंडच बसेना. आपल्या या सायकलींचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा. त्याच्याकडचं तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचं. असली ट्यूब त्यानं जन्मात पाहिली नव्हती. मी मनात चोपड्याच्या टेम्पोचा हिशोब करायला लागलो. तो मात्र व्हॉल्व्हची प्लॅस्टिकची टोपी बोटांत फिरवत बसला. मग ब्लेड घेतलं, टोपीचं टोक कापलं, टोपी उलटी करून व्हॉल्व्हवर आवळली आणि वर नळी दाबली. हवा आत गेली! हे कुठं शिकलात, विचारलं. म्हणाला, आत्ताच.

मी शंभराची नोट दिली. त्यानं सत्तर परत दिले. राहू द्या म्हटलं तर कपाळाला आठ्या पडल्या. 'पंक्चरचे तीस. टोपी तर तुझीच होती.'

धंद्याचे पैसे पूर्ण दे, घासाघीस करू नकोस. पण समोरच्यानं जे धंद्याबाहेर केलं, त्यावर किंमत लावू नकोस. हा फरक मला फार उशिरा कळला. दुसरा धडा तर मी पंगतीत बसून घेतला.

२०१६ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ९ मे. उन्हात सायकल काढणारा त्या रस्त्यावर मी एकटाच मूर्ख. तू मार्गशीर्षात चाललायस, शहाणा आहेस. शिरपूरच्या अलीकडं एका घराच्या ओट्यावर पाणी मागितलं. आजोबा पाणी द्यायच्या आधी म्हणाले, आज पितरांचा दिवस, भरदुपारी दारात आलेला माणूस उपाशी जात नाही. आत पितरांची घागर भरून ठेवलेली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज. पितर म्हणून बोलावलेले एक गृहस्थ पाटावर होते, मला त्यांच्या शेजारी बसवलं. मागच्या अंगणात एक मावशी खापरावर मांडे करत होत्या. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पातळ पसरवायचा आणि उपड्या तापल्या खापरावर सोडायचा. हात भाजत कसे नाहीत, हे मला अजून उमगलेलं नाही. आमरस, कुरडया, सार. मी दर वाढीला 'नको नको' करत होतो, पुण्यातली सवय. तिसऱ्यांदा नको म्हटल्यावर आजोबा माझ्याकडं न बघता शेजारच्याला म्हणाले, याला आपलं आवडलेलं दिसत नाही. मी वाटी पुढं केली.

निघताना पाकीट काढलं. ती चूक तू करू नकोस. त्यांचा चेहरा उतरला तो मी पाहिलाय. घरी आल्यावर पंगतीच्या फोटोच्या प्रती काढून पोस्टानं पाठवल्या. त्यानंतर प्रत्येक आखाजीला फोन असतो, कधी त्यांचा, कधी माझा.

हिवाळ्यात शेतांमधून भरीत पार्ट्या असतात. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. हाक आली तर जा, पोटभर खा. पण कापूस वेचणाऱ्या बाईनं स्वतःच्या फडक्यातली भाकरी पुढं केली, तर? तिथं मी चतकोर घेतो आणि माझ्याकडचा गूळ-शेंगदाणा तिच्या पोरांसाठी ठेवतो. नाही म्हणू नकोस, आणि पुरती संपवूही नकोस. फोटो तर तिथं काढूच नकोस.

शहाद्याच्या पुढं एक घोटाळा होईल. त्या बाजूनं नर्मदा परिक्रमावासी जातात, प्रकाशाला मुक्काम करतात, आणि कार्तिकानंतर त्यांची वर्दळ असते. पाठीवर ओझं असलेला धुळीनं माखलेला माणूस दिसला की लोक 'नर्मदे हर' म्हणतात आणि चहाला बसवतात. तूही 'नर्मदे हर' म्हण, पण लगेच सांग की मी नुसता सायकलवर फिरायला निघालोय. मी एकदा सांगितलं नव्हतं. चहा गोड होता, तरी घशाखाली नीट उतरला नाही.

सगळीकडं पाट मांडलेला असतो असं समजू नकोस. एका गावात मी रात्री नऊला पोचलो, देवळाच्या ओसरीवर झोपू का विचारलं, तर चार जणांनी टॉर्च तोंडावर मारून हाकललं. मी वर्षभर त्या गावाला शिव्या देत होतो. मग कुणीतरी समजावलं : या पट्ट्यात शेतपंपांच्या केबल चोरीला जातात, आणि चोर रात्रीच येतात. एक केबल गेली की ऐन पाण्याच्या वेळी केळी वाळते. मी त्यांच्या जागी असतो तर टॉर्चवर भागवलं नसतं. तेव्हा अंधार पडायच्या आत गाव गाठ, पोलीस पाटलाला किंवा सरपंचाला भेट, नाव-गाव सांग, आधार कार्ड मागायच्या आधी दाखव. मग शाळेचा व्हरांडा मिळतो आणि बहुतेक वेळा जेवणही.

पाणी सहा लिटर वाहू नकोस, दोन पुरे. पेट्रोल पंपावर पाणी आणि हवा फुकट मिळते. सोल्यूशनची नळी नवी घे.

या पाकिटात दोन पितळी अॅडाप्टर घातलेत, प्रेस्टावर बसणारे. एक तुझ्यासाठी. दुसरा अडावदच्या पुढं, उजव्या हाताच्या वडाखाली द्यायचा. म्हातारबाबांना सांग, कापलेल्या टोपीवाल्या मामानं पाठवलाय. पैसे द्यायला लागले तर घे.

तुझा,
मामा