वाचनकट्टा आणि खाण्याची चढाओढ

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या काही जणी महिन्यातून एकदा पुस्तकावर बोलायला जमतो. हल्ली मात्र बटाटेवडे, ढोकळा, श्रीखंड असे बेत होऊ लागल्याने चर्चा मागे पडते आणि ज्यांना एवढे जमत नाही, त्या आपल्या घरी बैठक घ्यायला कचरतात. काय करावे?

उत्तर : चहा आणि एकच कोरडा पदार्थ, असा नियम सर्वांनी मिळून करावा, म्हणजे कोणा एकीला वाईटपणा घ्यावा लागणार नाही. भडंग किंवा भाजलेले शेंगदाणे पुरेत. वड्याचे तेलकट बोट ग्रंथालयाच्या पुस्तकावर उमटले की डाग जात नाही. चहा शेवटी द्यावा, असे पुष्कळ जण सुचवतील. मला ते पटत नाही, कारण कचेरीतून थेट आलेल्या बाईला आधी घोटभर चहाच हवा असतो.

चर्चा रंगत नसेल, तर दिवाळी अंकांपासून पुन्हा सुरुवात करून पाहावी. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत फराळाच्या ताटाशेजारी अंक असतोच. प्रत्येकीने वेगळा अंक विकत घेऊन तो आपसांत फिरवला, तर एकाच अंकाच्या खर्चात प्रत्येकीला सगळे अंक वाचायला मिळतात. बैठकीत त्यातली एकच कथा मोठ्याने वाचावी. ज्यांना महिनाभर पुस्तक उघडायलाही सवड झाली नाही, त्यांनाही मग बोलता येते.