'पांडवकालीन' म्हणजे नेमकं कधीचं?

हिंगोली जिल्ह्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे: "आमच्या गावच्या महादेव मंदिराचा जीर्णोद्धार चालू आहे. नव्या फलकावर 'पांडवकालीन, पाच हजार वर्षांपूर्वीचे शिवमंदिर' असं लिहायचं ठरलंय. 'पांडवकालीन' हा शब्द बरोबर आहे का? नसेल तर काय लिहावं? म्हातारी माणसं पहिल्यापासून हेच सांगत आलीत."

घडणीच्या अंगाने शब्दात काही चूक नाही. समकालीन, तत्कालीन, शिवकालीन, तसाच पांडवकालीन. अडचण अर्थाची आहे. आपल्याकडे या घराण्यातला सगळ्यांत रुळलेला शब्द म्हणजे 'निजामकालीन'. निजामकालीन शाळा, निजामकालीन बारव, आणि अलीकडे तर निजामकालीन नोंदी हे शब्द घरोघर पोचले. हा काळ 1724 च्या सुमारास सुरू होतो आणि 17 सप्टेंबर 1948 ला संपतो. निजामकालीन म्हटलं की वस्तू या दोन टोकांच्या मधे कुठे तरी बसते. यादवकालीन, सातवाहनकालीन यांचंही तसंच. 'कालीन' लावायचं तर आधी तो काळ हाताशी असावा लागतो.

पांडवांचा काळ हाताशी आहे का? फलकावरचे पाच हजार कलियुगाच्या गणनेतून येतात. इसवी सनापूर्वी 3102 साली कलियुग लागलं, असा तो हिशेब. कर्नाटकातल्या ऐहोळेचा रविकीर्तीने रचलेला शिलालेख शक 556 चा, म्हणजे इ.स. 634 चा. त्यात भारतयुद्धाला 3735 वर्षं झाल्याचं कोरलंय. वजाबाकी केली की तेच साल येतं. पण परंपरेतच दुसरा हिशेबही आहे. ज्योतिषी वराहमिहिराने युधिष्ठिराचा काळ शकापूर्वी 2526 वर्षं धरला, आणि काश्मीरचा इतिहास लिहिणाऱ्या कल्हणाने त्याच बाजूने सांगितलं की कलियुगाची 653 वर्षं उलटल्यावर कौरव-पांडव झाले. म्हणजे परंपरेतल्या परंपरेत साडेसहाशे वर्षांची तफावत. पुरातत्त्वज्ञ ब्रिजबासी लाल यांनी 1950 ते 1952 मधे हस्तिनापूरला उत्खनन केलं. तिथल्या राखाडी चित्रित भांड्यांच्या वस्तीची सांगड त्यांनी महाभारताशी घातली, तेव्हा काळ इसवी सनापूर्वी अकराव्या ते नवव्या शतकाच्या आसपास आला. तीन हिशेबांत दोन हजारांहून जास्त वर्षांचं अंतर! फलकावर यातला कोणता पांडवकाळ धरायचा?

लाल यांचं हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण ते काही उथळ माणूस नव्हते. त्यांना तिथे पुराचा थर मिळाला. पुराणांत सांगितलंय की गंगेने हस्तिनापूर वाहून नेलं आणि निचक्षु राजा कौशांबीला गेला. दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या की मन लगेच जोड लावतं. पण थर एवढंच सांगतो की पूर आला आणि माणसं उठून गेली. त्यांच्या राजाचं नाव निचक्षु होतं, हे पुराच्या गाळात लिहिलेलं नसतं. 'पुरावा सापडला' हे वाक्य मराठीत अर्धंच आहे. कशाचा पुरावा, हे विचारल्याशिवाय ते पुरं होत नाही. ऐहोळेच्या लेखालाही हेच लागू. सातव्या शतकातले विद्वान भारतयुद्ध कधीचं मानत होते, याचा तो पक्का पुरावा आहे. युद्धाचा नाही.

आता घरची उदाहरणं बघू. अजिंठ्याच्या डोंगररांगेत जंजाळ्याजवळ 'घटोत्कच लेणी' आहेत. नावावरून भीमाच्या लेकाचं घर वाटावं. आत मात्र बौद्ध विहार आहे, आणि वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. पाचवं शतक. याच वराहदेवाचा लेख अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्यातही आहे. लेणं कुणी कोरवलं हे दगडावर लिहिलेलं असताना नाव घटोत्कचाचं पडलं, कारण मधल्या काळात ती लिपी वाचणारं कुणी उरलं नव्हतं. नाशिकच्या पांडवलेण्यांचं तेच. तिथले लेख सातवाहनांचे आणि क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाच्या जावयाचे, उषवदाताचे. वेरूळच्या 14 क्रमांकाला 'रावण की खाई' म्हणतात, 29 क्रमांकाला 'सीता की नहाणी', आणि 'इंद्रसभा' म्हणतात ते तर जैन लेणं आहे.

ही नावं चुकीची म्हणून पुसावीत, असं मी मुळीच म्हणणार नाही. ज्यांना अक्षर लागत नव्हतं त्यांनी एवढ्या मोठ्या कामाचा कर्ता आपल्या ओळखीच्या माणसांत शोधला, आणि पांडवांपेक्षा ओळखीचं दुसरं कोण होतं? पण नाव आणि नोंद यांतला फरक बोली मराठीला ठाऊक होता. माझी आजी परभणीकडची. ती सांगायची, "पांडवाईनं एका रातीत बांधलंय म्हणं. कोंबडं आरवलं अन् काम तसंच ऱ्हायलं."

त्या 'म्हणं'कडे लक्ष द्या. प्रमाण मराठीत 'म्हणे'. वाक्याच्या शेवटी येणारा हा एवढासा शब्द सांगतो की ही गोष्ट माझ्या डोळ्यांनी पाहिलेली नाही, ऐकलेली आहे, आणि ऐकली तशी पुढे देतोय. 'तो मुंबईला गेला' आणि 'तो मुंबईला गेला म्हणे' यांतला फरक पाच वर्षांच्या लेकरालाही कळतो. किती भाषांना एवढंच सांगायला अख्खं वाक्य खर्चावं लागतं! आजी खोटं बोलत नव्हती. तिने तिच्या माहितीची प्रत वाक्यातच सांगून टाकली होती. फलकावर जाताना 'म्हणं' गळतं आणि त्याच्या जागी 'कालीन' बसतं. ऐकीव गोष्ट तारखेच्या वेशात उभी राहते. तुमच्या गावची म्हातारी माणसं हेच म्हणत आली, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना परत एकदा बोलतं करा आणि शेवटचा शब्द नीट ऐका. शंभरातल्या नव्वद वेळा तिथे 'म्हणं' किंवा 'म्हणतेत' निघेल, असा माझा अंदाज आहे.

या चर्चेत आणखी दोन शब्द हमखास येतात. पहिला 'इतिहास'. 'महाभारताला आपले पूर्वज इतिहास म्हणत, मग ती हिस्टरीच' असा युक्तिवाद असतो. संस्कृतातला 'इति ह आस' म्हणजे 'असं खरंच होतं', आणि महाभारताला तो शब्द लावलेला आहे, हे खरं. पण थर, नाणी, शिलालेख तपासून मांडलेला वृत्तांत हा अर्थ त्या शब्दाला इंग्रजी अमदानीत, शाळेच्या पुस्तकांतून चिकटला. जुन्या शब्दात नवा अर्थ भरायचा आणि मग त्यालाच साक्षीला उभं करायचं, हे बरोबर नाही. दुसरा 'आख्यायिका'. याचा प्रवास नेमका उलटा. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात 'आख्यायिकोपलब्धार्था' म्हटलंय, म्हणजे जिचा विषय आधी माहीत आहे, घडलेला आहे ती आख्यायिका; रचलेली ती कथा. म्हणून बाणभट्टाचं हर्षचरित आख्यायिका आणि कादंबरी ही कथा. मराठीत येईतो आख्यायिका ऐकीव गोष्टीच्या घरात राहायला आली. एक शब्द ऐकिवाकडून पुराव्याकडे गेला, दुसरा पुराव्याकडून ऐकिवाकडे. म्हणून 'पूर्वीच्या लोकांनी अमुक शब्द वापरला' यावरून काही ठरवताना तो शब्द तेव्हा कुठे राहत होता, हे आधी बघावं लागतं.

"मग ट्रॉय कसं सापडलं?" हा प्रश्नही येतोच. हाइनरिश श्लीमानने ट्रॉयच्या युद्धाची गोष्ट सांगणाऱ्या ग्रीक महाकवी होमरवर भरवसा ठेवून तुर्कस्तानातलं हिसार्लिकचं टेकाड खणलं, शहर सापडलं. 1873 मधे सोनं मिळालं, त्याला त्याने गोष्टीतल्या प्रियम राजाचा, ट्रॉयच्या राजाचा, खजिना ठरवलं. पुढे कळलं की तो थर युद्धाच्या मानलेल्या काळाहून हजारभर वर्षं जुना होता. आणि घाईघाईत तो नंतरच्या काळाचे थर कापून खाली गेला होता. गाव खरं निघालं म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. आपलं पैठणच घ्या. प्रतिष्ठान खरं, सातवाहन खरे, त्यांची नाणी खरी. पितळखोऱ्याच्या लेण्यात तर पैठणच्या मितदेव नावाच्या गंध्याचं, सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं, दानही कोरलेलं आहे. त्यावरून शालिवाहनाने कुंभारवाड्यात मातीचे हत्ती-घोडे, शिपाई करून त्यांच्यात प्राण फुंकले, हे सिद्ध होतं का? पैठणचा माणूसही तसं म्हणणार नाही. पैठणला जी सावधगिरी आपण सहज पाळतो तीच पांडवांच्या बाबतीत पाळायला हवी.

पुरावा म्हणून फिरणारा घटोत्कचाच्या 'सांगाड्या'चा फोटो मोबाइलवर तुमच्याकडेही आला असेल. तो 2002 साली एका फोटो-स्पर्धेसाठी जोडून केलेला आहे. खालचं उत्खनन अमेरिकेतल्या मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या नामशेष प्राण्याचं, वर चिकटवलेला सांगाडा माणसाचा.

दंतकथा निरुपयोगी, असा अर्थ यातून काढू नका. वेरूळच्या कैलासाची जुनी मराठी गोष्ट आहे: राणीने नवस केला की देवळाचा कळस पाहीन तेव्हाच जेवीन. देऊळ उभं राहायला वर्षं लागणार, राणी उपाशी मरणार. तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने डोंगराच्या माथ्यापासून काम धरलं आणि आधी कळसच कोरून दाखवला. कर्ता म्हणून अभ्यासक राष्ट्रकूट कृष्ण पहिला, आठवं शतक, असं सांगतात. गोष्टीतली राणी त्यांच्या कागदात नाही. पण कैलास वरून खाली कोरत आणलाय, हे गोष्टीने अचूक टिपलंय. कुणीतरी ते काम बारकाईने पाहिलं होतं. दंतकथेला 'कधी' विचारू नये, 'काय पाहिलंस' विचारावं.

तुमच्याकडे तर औंढ्याच्या नागनाथाचंही मूळ देऊळ युधिष्ठिराने बांधलं असं सांगतात, आणि आज उभी आहे ती वास्तू यादवकाळातली मानतात. तुमच्या गावच्या देवळाबद्दल मला काहीच ठरवता येणार नाही, मी ते पाहिलेलं नाही. 'पांडवकालीन' काढून झटकन 'हेमाडपंती' लिहू नका, एवढं मात्र सांगतो. हेमाडपंत तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, यादवांचा मंत्री. नांदेडकडची होट्टलची देवळं कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली, त्याच्या दोनेकशे वर्षं आधीची. चुना न घालता दगडावर दगड बसवलेलं प्रत्येक देऊळ त्याच्या नावावर टाकायची सवय आपल्याला लागली आहे.

जीर्णोद्धार थांबवता येत नसेल तर निदान ऑइलपेंट लावू देऊ नका. तुळई, खांब, उंबरा, पायऱ्या, बाजूला पडलेले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड), सगळं तिरप्या उजेडात पाहा. अक्षर दिसलं तर फोटो काढून जुने शिलालेख वाचणाऱ्या जाणकाराला दाखवा. आणि पायासाठी गावची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं पांढऱ्या मातीचं टेकाड, खणणार असतील तर आधी विचार करा. आपल्याकडे माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, टाकायला लोक पिढ्यान्‌पिढ्या पांढरीची माती गाडीने नेत आले. धाराशिवकडच्या तेरला अशाच मातीतून निघालेली नाणी, मणी, मातीच्या मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केल्या, म्हणून आज तिथे त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे. पण वस्तू कोणत्या थरातून निघाली, हे एकदा गेलं की कुणालाच परत सांगता येत नाही.

फलकावर असं लिहा: "प्राचीन शिवमंदिर. हे मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले, असे गावात सांगतात." शिलालेख मिळाला तर खाली त्याचा शक घाला. जागा ठेवा त्यासाठी.