कुंपणावरचा ठिपका : ड्रोन, घार की विमान?

प्रश्न : आमच्या रासायनिक कारखान्याच्या कुंपणावरून गेल्या दोन महिन्यांत तीन वेळा रात्री ड्रोन गेल्याचे पहारेकऱ्यांनी कळवले. एका विक्रेत्याने ‘पाच किलोमीटरवरून ड्रोन पकडणारे रडार’ आणि त्यासोबत जॅमर (ड्रोनचे सिग्नल अडवणारे यंत्र) देऊ केला आहे. व्यवस्थापनाने माझे मत मागितले आहे. मी काय सांगावे? – सुरक्षा अधिकारी, रायगड जिल्हा

उत्तर : ते पाच किलोमीटर नेमक्या केवढ्या वस्तूसाठी आहेत, हे आपण विक्रेत्याकडून आधी लिहून घ्यावे. रडारने सोडलेली लहर वस्तूवर आपटून परत येते तेव्हा तिची ताकद अंतराच्या चौथ्या घाताने घटलेली असते, म्हणजे अंतर दुप्पट झाले तर ताकद सोळापट कमी होते. वस्तू रडारला शंभरपट लहान भासली, तर ती दिसण्याचे अंतर साधारण एक तृतीयांशावर येते. छायाचित्रणासाठी वापरला जाणारा लहान ड्रोन रडारला जेमतेम ०.०१ चौरस मीटरचा वाटतो, असे सर्वसाधारणपणे धरले जाते. त्यामुळे एक चौरस मीटरची वस्तू बारा किलोमीटरवर टिपणारे रडार हाच ड्रोन चार किलोमीटरच्या आत आल्याशिवाय दाखवणार नाही. त्यातही मध्ये टेकडी, चिमणी किंवा साठवणुकीच्या टाक्या असल्या, तर त्यांच्या आडून झाडांच्या उंचीवर येणारा ड्रोन अगदी शेवटच्या क्षणी समोर येईल.

आता वेळेचा हिशेब पाहू. सेकंदाला पंधरा मीटर वेगाने येणारा ड्रोन एक किलोमीटर अंतर ६७ सेकंदांत कापतो. पहारेकऱ्याने फोन उचलणे, नियंत्रण कक्षाने खात्री करून घेणे आणि नंतर निर्णय घेणे हे सारे एवढ्या वेळात बसवायचे आहे. म्हणून लांबचे दिसण्यापेक्षा, दिसलेले काय आहे हे चटकन ठरवता येण्याला मी अधिक महत्त्व देतो.

खरी अडचण पक्ष्यांची आहे. रडारच्या पडद्यावर घार आणि ड्रोन जवळपास सारख्याच आकाराचे ठिपके असतात. चांगले रडार त्यांच्यात फरक करते ते पात्यांवरून. मिनिटाला हजारो फेरे घेणारी पाती परत येणाऱ्या लहरीच्या वारंवारतेत बारीक थरथर उमटवतात. पक्ष्याचे पंख सेकंदाला मोजक्याच वेळा हलतात आणि तरंगणाऱ्या घारीचे तर हलतच नाहीत. ही ओळख पटायला रडारला ठिपका सलग काही फेऱ्यांत दिसावा लागतो. तेव्हा प्रात्यक्षिक मोकळ्या मैदानावर न घेता आपल्याच कुंपणावर, पक्षी परतण्याच्या संध्याकाळच्या वेळी घ्यावे. अशाच एका चाचणीत मी एका कारखान्याच्या गच्चीवर उभा होतो. ड्रोन उडाल्यावर बोट दाखवा, असे चार पहारेकऱ्यांना सांगितले होते. तिघांनी अत्यंत आत्मविश्वासाने घारीकडे बोट दाखवले आणि चौथ्याने पाण्याच्या टाकीवरच्या लाल दिव्याकडे! ड्रोन तोवर आमच्या पाठीमागे, नारळाच्या झाडांवर स्थिर उभा होता. आमच्या सुरक्षा प्रमुखांनाही तो आवाज ऐकू आल्यावरच दिसला.

दुसरे साधन म्हणजे रेडिओ लहरी ऐकणारा ग्राहक, म्हणजे रिसीव्हर. बाजारातले बहुतेक ड्रोन रिमोटशी २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झवर बोलतात. वायफायही याच पट्ट्यांत चालते. म्हणून ग्राहकाला संदेशाच्या घडणीवरून ड्रोन ओळखावा लागतो. एक ग्राहक फक्त दिशा सांगतो. दोन-तीन ग्राहक कुंपणाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांवर बसवले, तर दिशारेषा जिथे छेदतात तिथे ड्रोन असतो. दिशेत दोन अंशांची चूक झाली, तर एक किलोमीटरवर ती सुमारे ३५ मीटरची होते. कारखान्यासाठी एवढी अचूकता चालते. याचा मोठा लाभ असा की रिमोटही लहरी सोडत असल्याने ड्रोन उडवणारा माणूस कुठे उभा आहे, हेही अनेकदा कळते. मागच्या रस्त्यावर दुचाकी लावून उभ्या असलेल्या त्या माणसापर्यंत गस्तीचे पथक पोहोचले, तर हवेतल्या ड्रोनचा प्रश्न बराचसा सुटतो.

कॅमेरा शोधण्यासाठी नको, खात्रीसाठी हवा. ६० अंशांचे दृश्य घेणाऱ्या साध्या फुल एचडी कॅमेऱ्यात एक किलोमीटरवरचा तीस सेंटिमीटरचा ड्रोन एका पिक्सेलएवढाही भरत नाही. तेच दृश्य दोन अंशांवर आणले, तर तो सोळा पिक्सेलांचा होतो आणि त्याचे हात, पाती, खाली टांगलेली वस्तू यांचा अंदाज बांधता येतो. मात्र दोन अंशांच्या खिडकीतून सारे आकाश चाळणे शक्य नसते. कुठे पाहायचे, हे रडारने किंवा रेडिओ ग्राहकानेच त्याला सांगावे लागते. आवाज टिपणारे मायक्रोफोन काहीशे मीटरच्या आतच कामाचे असतात. आपल्या कारखान्यात कॉम्प्रेसर चोवीस तास चालत असतील, तर त्यावर पैसे घालवू नयेत.

माझे मत विचाराल, तर आधी रेडिओ ग्राहक आणि एक फिरता थर्मल (उष्णता टिपणारा) कॅमेरा घ्यावा, तीन महिने नोंदी ठेवाव्यात आणि मगच रडारचा विचार करावा. रडार स्वतः लहरी सोडते, त्यामुळे त्याला वारंवारतेचा परवाना लागतो. त्याची कागदपत्रेही विक्रेत्याकडे मागावीत.

जॅमर मात्र घेऊच नये. सरकारने खास परवानगी दिलेल्या यंत्रणा वगळता सिग्नल अडवणारी साधने वापरणे भारतात बेकायदेशीर आहे, आणि दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले आहे. शिवाय ज्वालाग्राही रसायनांच्या टाक्यांवर असलेला ड्रोन संपर्क तुटून खाली कोसळावा, असे कोणत्या सुरक्षा अधिकाऱ्याला वाटेल?

प्रश्न : ड्रोन आधीच आखून दिलेल्या मार्गाने, रिमोटशिवाय आला तर रेडिओ ग्राहक निरुपयोगी ठरतो ना? मग जम्मूसारखा हल्ला कसा ओळखायचा? – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : आपली शंका रास्त आहे. २७ जून २०२१ च्या पहाटे जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून टाकलेल्या स्फोटकांचे काही मिनिटांच्या अंतराने दोन स्फोट झाले. एका स्फोटाने इमारतीच्या छताचे नुकसान झाले, दुसरा मोकळ्या जागेत झाला आणि हवाई दलाचे दोन जवान किरकोळ जखमी झाले. या घटनेनंतर सुरक्षित ठिकाणांभोवतीच्या आकाशाकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलली. जुलै २०२१ मध्ये नौदलाने आपल्या तळांभोवती तीन किलोमीटरच्या परिसरात विनापरवानगी ड्रोन उडवण्यास मनाई केली आणि ऑगस्टच्या अखेरीस भारत इलेक्ट्रॉनिक्सशी ड्रोनविरोधी प्रणालीचा करार केला. संरक्षण संशोधन व विकास संस्थेने तयार केलेल्या या प्रणालीत रडार, कॅमेरे आणि रेडिओ ग्राहक एकत्र जोडलेले आहेत. कारण आपण म्हणता तसा मुका ड्रोन एका साधनाला चुकवू शकतो. युक्रेनच्या युद्धात तर मागे काचतंतूची बारीक तार सोडत जाणारे ड्रोन आले. त्यांचा सारा संवाद तारेतून होत असल्याने हवेत ऐकण्यासारखे काही उरत नाही आणि त्यांना अडवणारा जॅमरही चालत नाही. अशा ड्रोनसाठी रडार, कॅमेरा आणि कान हेच मार्ग राहतात.

प्रश्न : २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या भागात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातमीने गावोगाव लोक जागे राहिले. अजूनही कोणी आकाशात दिवा पाहिला की आरडाओरड होते. साध्या माणसाने काय पाहावे? – निवृत्त शिक्षक, बीड जिल्हा

उत्तर : आपल्या दिशेने येणाऱ्या विमानाचा समोरचा दिवा कित्येक मिनिटे जागीच थांबल्यासारखा दिसतो आणि मग एकदम बाजूला सरकतो, त्यामुळे तो घिरट्या घालणारा ड्रोन वाटतो. मावळतीकडचा शुक्र ढगांच्या फटीतून पाहिला, तर तोही हलल्यासारखा भासतो. ही चूक खेड्यातल्या माणसांचीच होते, असे नाही. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाची धावपट्टी ड्रोन दिसल्याच्या तक्रारींमुळे सुमारे ३३ तास बंद राहिली, हजारभर उड्डाणे विस्कळीत झाली आणि सुमारे एक लाख चाळीस हजार प्रवासी अडकले. ड्रोन शोधायला पोलिसांनी स्वतःचे ड्रोन उडवले होते आणि काही तक्रारी त्यांच्याच ड्रोनबद्दलच्या असू शकतात, असे तेथील पोलीसप्रमुखांनी नंतर सांगितले. त्या प्रकरणात कोणालाही शिक्षा झाली नाही.

म्हणून दिवा दिसला, की प्रथम तो विजेच्या खांबाच्या किंवा घराच्या कडेशी जुळवून पाहावा आणि दोन मिनिटे तिथेच उभे राहावे. तारा असेल तर तो एवढ्या वेळात जवळजवळ जागचा हलत नाही. विमान सरळ रेषेत निघून जाते. ड्रोन मात्र थांबतो, वळतो, वरखाली होतो, आणि रात्रीच्या शांततेत जवळ असेल तर मधमाश्यांच्या मोहोळासारखा त्याचा आवाज येतो. नंतर वेळ, दिशा आणि हात लांब धरून मोजल्यास क्षितिजापासून किती बोटांच्या उंचीवर दिसला ते वहीत लिहावे आणि ११२ वर कळवावे. पोलीस अधीक्षक किंवा त्यांच्याहून वरिष्ठ अधिकारी गरज पडल्यास ९६ तासांपर्यंत त्या भागाचे आकाश तात्पुरते लाल क्षेत्र, म्हणजे ड्रोन उडवण्यास मनाई असलेले क्षेत्र, जाहीर करू शकतात, अशी तरतूद २०२१ च्या ड्रोन नियमांत आहे. त्यासाठी त्यांना वहीतली ती ओळ उपयोगी पडते. दगड किंवा गोफण मात्र कोणी हाती घेऊ नये, कारण अंधारात फेकलेला दगड बहुधा शेजाऱ्याच्या पत्र्यावरच पडतो.