सेलूच्या दादांसाठी: पावणेतीन वर्षांचं लेकरू, ऑटिझम, आणि महिन्याचे बाकीचे 29 दिवस

दादा, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मुलगा पावणेतीन वर्षांचा, दीड वर्षाचा असताना चार-पाच शब्द बोलायचा ते पण गेले, हाक मारली तर वळून बघत नाही, खेळण्यातली गाडी उलटी करून तासभर चाक फिरवत बसतो, संभाजीनगरला डॉक्टरांनी ऑटिझम (स्वमग्नता) सांगितला, सेलूहून थेरपीला महिन्यातून एकदाच जाणं जमतंय, आणि घरची म्हातारी माणसं म्हणायलेत की त्याचा मामा बी उशिराच बोलला होता, कशाला घाई करता. तुमचा प्रश्न एवढाच, की बाकीचे 29 दिवस घरी काय करायचं.

मी लातूर जिल्ह्यातली, औशाजवळच्या गावातली. माझा धाकटा आता 9 वर्षांचा आहे, निदान झालं तेव्हा सव्वातीन वर्षांचा होता आणि एक शब्द बोलत नव्हता. मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही, जे केलं, जे चुकलं आणि नंतर ज्याचा उपयोग झाला ते सांगते.

आधी एक, कान तपासलेत का? तुम्ही लिहिलं नाही म्हणून विचारते. लेकराला झोपवून बेरा नावाची टेस्ट करतात, ती झाली नसेल तर आधी ती करून घ्या, म्हणजे हाकेला न बघण्यामागं ऐकायची अडचण नाही हे तरी पक्कं होईल. आणि घरात वहिनींना कुणी काही बोलत असेल, की तू लक्ष दिलं नाहीस, कामाला जायलीस, मोबाईल दिलास, तर ते तुम्ही थांबवा, त्यांनी नाही. आईच्या कोरडेपणामुळं ऑटिझम होतो असं एका काळी मोठमोठे डॉक्टर लोक म्हणायचे, ते साफ चुकीचं निघालं. लसीमुळं होतो म्हणणारा 1998 चा इंग्लंडमधला पेपर पण, ज्या लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी नियतकालिकात छापून आला होता त्यानंच 2010 मध्ये मागे घेतला, म्हणून राहिलेले डोस बिनधास्त पूर्ण करा.

आता मुद्द्याचं. माझी सगळ्यात मोठी चूक सांगते कारण तुम्ही पण त्याच वाटेला निघालेले दिसताय (तुम्ही लिहिलंय की फ्लॅशकार्ड मागवलेत, रोज दोन तास बसवायचं ठरवलंय). मी लातूरहून तक्ते आणले, कार्ड आणले, खोलीच्या कोपऱ्यात चटई टाकली आणि रोज सकाळी त्याला धरून बसवायचे, हे काय, अ‍ॅपल, बोल अ‍ॅपल, इकडं बघ, माझ्याकडं बघ. दोन महिन्यांत एक झालं, मी ती कार्डची पिशवी हातात घेतली की तो पळून पलंगाखाली जायचा. मग थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या आठ दिवस त्याला काहीच शिकवू नका, फक्त त्याच्या शेजारी बसा आणि तो जे करतोय ते तुम्ही करा. मला राग आला होता खरं सांगायचं तर, पाचशे रुपये देऊन हे ऐकायला आलो का असं वाटलं. पण केलं. तो फरशीवर गाल टेकवून चाक फिरवायचा, मी बी दुसरी गाडी घेऊन तशीच आडवी पडले आणि चाक फिरवायला लागले. तीन दिवस त्यानं ढुंकून बघितलं नाही. चौथ्या दिवशी माझं चाक थांबलं तर त्याची नजर माझ्या गाडीवर आली, मग माझ्या हातावर, मग एक सेकंद तोंडाकडं. मी चाक फिरवलं. तो परत बघायला लागला. मला पुढचं सगळं तिथून सापडलं.

म्हणजे काय, त्याचं चाक काढून घेऊ नका. आधी तुम्ही त्याच्या खेळात शिरा, मग तो तुमच्या खेळात येईल. हे माझं एकटीचं म्हणणं नाही, गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीत यावर अभ्यास झालाय, 2016 मध्ये छापून आला, त्यात डॉक्टर नाही तर साध्या आरोग्य कार्यकर्त्या घरोघरी गेल्या, आई-लेकराच्या खेळण्याचा व्हिडिओ काढला आणि आईसोबत बसून बघितला, कुठं तिनं लेकराचं बघून उत्तर दिलं आणि कुठं ती आपलंच पुढं रेटत गेली. आया लेकराच्या मागनं जायला शिकल्या आणि लेकरं आपणहून आईशी संपर्क जास्त करायला लागली. व्हिडिओ तर आपल्या सगळ्यांकडं काढता येतो. दोन मिनिटांचा काढा, रात्री दोघं बसून बघा. मी माझा पहिला व्हिडिओ बघितला तेव्हा दोन मिनिटांत मी एकोणतीस वेळा काहीतरी विचारलं होतं, मोजलं मी, आणि एकदाही थांबले नव्हते.

थांबणं ही गोष्ट नीट सांगते कारण वाचायला सोपी वाटते आणि करायला लई अवघड आहे. आमच्याकडं रोज संध्याकाळी ज्वारीच्या भाकरी, आणि धाकट्याला थापायचा आवाज आवडायचा, कुठं बी असला तरी परातीजवळ येऊन बसायचा, माझ्याकडं न बघता नुसता आवाज ऐकत. एक दिवस मी भाकरी थापता थापता मधेच हात वर धरला आणि थांबले. काही बोलले नाही. मनात आकडे मोजले, एक, दोन, तीन, सासूबाई म्हणायल्या अगं तवा जळायलाय, मी हातानंच थांबा म्हटलं. सातला तो जरा हलला, नवाला त्यानं वर बघितलं, सरळ माझ्या डोळ्यांत, आणि माझं मनगट धरून खाली ओढलं. मी म्हटलं "थाप!" आणि थापायला लागले. मग रोज एका भाकरीला एकदा थांबायचं, जास्त नाही, नाहीतर त्याला छळ वाटला असता. दीड-दोन महिन्यांनी तो मनगट ओढताना "आप" म्हणाला. आई, बाबा, पाणी काही नाही, त्याचा पहिला शब्द थाप. या लेकरांना ऐकलेलं आत पोचून उत्तर तयार व्हायला वेळ लागतो आणि आपण तिसऱ्या सेकंदाला दुसरा प्रश्न टाकतो, त्यात त्याचं उत्तर बुडून जातं.

तर तुमच्या घरात असं काय काय आहे ते बघा. अंघोळीचं पाणी तांब्यानं ओतणं, झोका, हौदात पाणी पडणं, दार उघडणं-लावणं, बाबाच्या गाडीची किक. वेगळे दोन तास काढायची गरजच नाही, दिवसातून पंचवीस वेळा एकेक मिनिट असं पुरतं, आणि दिवसाचा क्रम शक्यतो तोच ठेवा कारण पुढं काय होणार हे कळलं की ही लेकरं शांत राहतात. त्या क्षणी एकच शब्द बोलायचा. "सोन्या तुला पाणी पाहिजे का रे, थांब हं मम्मी देते" एवढं लांब नाही, नुसतं "पाणी", ग्लास देताना. त्याला एक शब्द यायला लागला की आपण दोनावर जायचं, "पाणी दे". आणि प्रश्न विचारल्यासारखं नाही, त्यानं जसं म्हणावं असं आपल्याला वाटतं तसंच म्हणायचं, कारण पुष्कळ लेकरं ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत बोलतात. माझा कितीतरी दिवस तहान लागली की मलाच विचारायचा, "पाणी पाहिजे का?" लोक हसायचे. पण त्याच्या हिशोबानं बरोबर होतं, पाणी येतं तेव्हा हेच वाक्य ऐकू येतं ना.

तुमचा हात धरून फ्रिजपर्यंत नेतो असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. दादा, तो बोलायलाच लागलाय, हातानं बोलतोय. जा त्याच्यासोबत, बिस्किटाचा डबा दाखवा, त्याचं बोट धरून डब्याकडं करा, "बिस्किट", आणि अर्धंच द्या म्हणजे परत मागायला येईल. डबा पारदर्शक घ्या आणि त्याला दिसेल पण हाताला येणार नाही असा ठेवा. मात्र रडवून, अडवून धरून नाही, शब्द बोलला तरच देईन हे तर अजिबात नको.

भाषेचं विचारलंय, इंग्रजी-हिंदीतच बोलावं का कारण यूट्यूबवर तेच ऐकतो. तुम्ही घरी जी मराठी बोलता तीच बोला. दोन भाषा कानावर पडल्यानं ऑटिझम वाढतो असं काही नाही, पण जी भाषा आजीला येत नाही ती शिकवून तो आजीशी काय बोलणार.

कार्डाबद्दल. फ्लॅशकार्ड परत पाठवा. त्याऐवजी त्याच्याच वस्तूंचे मोबाईलवर फोटो काढा, त्याचा ग्लास, त्याचा झोका, तुमची गाडी, गावातल्या स्टुडिओत प्रिंट काढून लॅमिनेशन करा आणि भिंतीवर त्याच्या उंचीवर चिकटपट्टीनं लावा. पाहिजे ते कार्ड त्यानं तुमच्या हातात द्यायचं, तुम्ही लगेच ती वस्तू द्यायची. सुरुवातीला एकानं मागून त्याचा हात धरून द्यायला लावायचं, दुसऱ्यानं समोर बसून घ्यायचं. कार्डाची सवय लागली तर बोलणारच नाही ही भीती मला पण होती, तसं होत नाही, मागता यायला लागलं की उलट आरडाओरडा कमी होतो आणि काही लेकरांचं बोलणं यातूनच सुरू होतं.

मोबाईलमुळं ऑटिझम झाला नाही हे वहिनींना सांगा, पण मोबाईल कमी करा, कारण जेवढा वेळ तो स्क्रीनकडं बघतोय तेवढा वेळ माणसाकडं बघत नाही. एकदम बंद केला तर घर डोक्यावर घेईल. आधी जेवताना बंद, मग झोपायच्या आधी. खाण्याचं मी जास्त बोलत नाही, माझा दोन वर्षं दहीभात आणि शेंगदाण्याचा लाडू एवढ्यावर होता, नवीन पदार्थ ताटात बाजूला नुसता ठेवायचा, खा म्हणायचं नाही. माती किंवा भिंतीचा चुना खात असेल तर मात्र रक्त तपासा. फिट आल्यासारखं कधी वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

आता हट्ट आणि त्रास यातला फरक. आमच्याकडं येळवसला (वेळ अमावस्येला) सगळा गाव शेतात असतो, पाहुणे चाळीस-पन्नास, आंबील शिंपडत पोरं ओरडत फेरा मारतात. धाकटा साडेतीनचा होता, कानावर हात ठेवून जमिनीवर लोळायला लागला, डोकं आपटायला लागला, आणि चुलत सासरे म्हणाले दोन ठेवून द्या, लाडावलंय. मी त्याला उचलून कडब्याच्या कोपीच्या मागं सावलीला नेलं, गप्प बसले, काही विचारलं नाही, पाठीवर हात घट्ट दाबून धरला, हलका हात त्याला सहन होत नाही पण घट्ट धरलं की बरं वाटतं. वीस मिनिटांनी तो कडब्याची पानं मोडत बसला. हट्ट करणारं लेकरू तुमच्याकडं बघून रडतं, दिलं की थांबतं. हे असं नसतं, आवाज, गर्दी, ऊन, अंगावरचं टोचणारं कापड सगळं एकदम अंगावर येतं आणि त्याला आवरत नाही, तिथं मारून काही शिकत नाही, घाबरतं फक्त. कुकरची शिट्टी, टँकरची मोटार, वरातीचा डीजे, काय काय सहन होत नाही ते लिहून ठेवा, आधी सांगून दूर न्या. कान झाकणारे हेडफोन मिळतात ते घेऊन ठेवा.

आणि एक गोष्ट आजच करा. दाराला वरती, त्याच्या हाताला येणार नाही अशी कडी. हाकेला ओ न देणारं लेकरू बाहेर गेलं तर सापडत नाही, आणि यातल्या पुष्कळ लेकरांना पाण्याची ओढ असते. तुमच्या शेतात विहीर आहे असं तुम्ही सहज लिहून गेलात, माझ्या पोटात गोळा आला ते वाचून. जाळी बसवा, हौदावर झाकण टाका, शर्टाच्या आत फोन नंबर शिवा. आमचा एकदा पाच मिनिटांत शेजारच्या आडापाशी जाऊन पोचला होता, वाकून आत बघत होता. ती दुपार मी अजून विसरले नाही.

उपायवाले भेटतील. जिभेला वेखंड लावा, जीभ चिकटलीये कापून घ्या, अमुक ठिकाणी नेऊन आणा. देवाला न्या, माझी ना नाही, मी पण तुळजापूरला नेलं. पण लाखो रुपये घेऊन स्टेम सेल (मूळ पेशी) टोचणारे भेटले तर जाऊ नका, ऑटिझमसाठी ते देऊ नये असं नॅशनल मेडिकल कमिशन या डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या समितीनं 2022 मध्येच सांगितलंय. ऑटिझम मुळापासून घालवणारं औषध नाही. आणि मामा उशिरा बोलला म्हणून थांबायचं म्हणाल तर, आलेले शब्द जाणं हे उशिरा बोलणं नव्हे. थांबू नका.

सरकारी कामं पण लगेच लावून टाका. तुमच्या जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, सगळे डीईआयसी म्हणतात, तिथं थेरपी मोफत असते, आणि परभणी तुम्हाला संभाजीनगरपेक्षा किती जवळ आहे. 2016 च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम धरलेला आहे, प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा, त्यावर निरामय नावाचा सरकारी आरोग्य विमा निघतो, वर्षाला 1 लाखापर्यंत, थेरपीचा खर्च पण त्यात बसतो. प्रमाणपत्र काढलं तर शिक्का बसेल म्हणून मी दोन वर्षं घालवली आणि तेवढ्या थेरपीचे पैसे खिशातून गेले. तीन वर्षांचा झाला की अंगणवाडीत बसवा, आधी अर्धा तास, ताईंना चार कार्ड देऊन ठेवा.

माझा आता दुसरीत आहे. वाक्यं बोलतो, लांब गप्पा मारत नाही, अजून बी भाकरी करताना येऊन बसतो.

तुम्ही या आठवड्यात एवढंच करा, कडी, विहिरीची जाळी, आणि रोज दहा मिनिटं त्याच्या शेजारी फरशीवर दुसरी गाडी घेऊन. तुम्ही स्वतः बसा, वहिनींवर ढकलू नका. मग मला सांगा तो चाक कुठल्या हातानं फिरवतो, थांबल्यावर कुठं बघतो, आवाज ऐकतो की नुसतं फिरणं बघतो, त्यावरून पुढचा खेळ काय करायचा ते सांगते.