लपलेल्या कॅश फोल्डरातून गेलेला फोटो परत मिळेल का?

प्रश्न : सर, आमच्या गावच्या महिला मंडळाची वेबसाईट होती, त्यावर सासूबाईंचा मंगळागौरीला फुगडी घालतानाचा फोटो होता. मागच्या रविवारी घरच्या कॉम्प्युटरवर क्रोममध्ये मी तो मोठा करून बघितला, सेव्ह मात्र केला नाही, आणि गुरुवारी बघते तर साईटच बंद. सासूबाई आता नाहीत आणि असा हसरा फोटो दुसरा नाहीये. बघितलेले फोटो कॉम्प्युटरमध्ये राहतात म्हणे. एका जुन्या पुस्तकात टेम्पररी इंटरनेट फाईल्स नावाचं फोल्डर शोधा असं दिलंय, पण ते कुठेच सापडत नाही. विंडोज ११ आहे. काय करू? (एक वाचक, मिरज)

उत्तर : ताई, आधी त्या कॉम्प्युटरवर क्रोम वापरणं थांबवा, घरातल्या सगळ्यांनाही सांगून ठेवा. बघितलेल्या साईटचे फोटो आणि फाईली ब्राउझर कॉम्प्युटरवर तात्पुरत्या साठवतो, त्या साठ्याला कॅश म्हणतात. कॅशची जागा ठरलेली असते, नवीन साईट उघडत गेलात की क्रोम जुन्या फाईली काढत जातो आणि त्यात तुमचा फोटो जाऊ शकतो. सफाईचं एखादं सॉफ्टवेअर असेल तर तेही चालवू नका.

पुस्तकातलं फोल्डर इंटरनेट एक्सप्लोररचं आहे. तो ब्राउझर जून २०२२ मध्ये बंद झाला आणि तुमचा फोटो क्रोममध्ये बघितलेला, म्हणून तिथे शोधून उपयोग नाही. क्रोमची कॅश अ‍ॅपडेटा नावाच्या फोल्डरात असते आणि विंडोज ते मुद्दाम लपवून ठेवतं. फाईल एक्सप्लोरर उघडा, वर व्ह्यू, त्यात शो आणि मग हिडन आयटम्सवर टिक करा. आता सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमच्या नावाचं फोल्डर, तिथे अ‍ॅपडेटा पुसट रंगात दिसेल. त्याच्या आत लोकल, गुगल, क्रोम, यूजर डेटा, डिफॉल्ट, कॅश आणि शेवटी कॅश डेटा, असं एकात एक जायचं. क्रोममध्ये घरातल्या दोघातिघांची वेगवेगळी प्रोफाइल असतील तर डिफॉल्टऐवजी प्रोफाइल १ किंवा २ मध्ये बघावं लागेल.

पोचलात की काहीही उघडायच्या आधी ते अख्खं कॅश डेटा फोल्डर कॉपी करून डेस्कटॉपवर ठेवा, पेनड्राइव्हवर अजून एक ठेवा. पुढचं सगळं त्या कॉपीवरच करायचं, मूळ फोल्डरला हात लावायचा नाही.

आत फोटो असे दिसणार नाहीत, त्याने घाबरू नका. इंग्रजी एफ, खाली रेघ आणि पुढे सहा आकडे-अक्षरं, अशा नावांच्या फाईली असतात, एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारा फाईलचा प्रकार, जसं जेपीजी) नसतं. डिटेल्स व्ह्यू लावून तारखेप्रमाणे लावा, रविवारच्या फाईली बघा, त्यातही मोठ्या साईझच्या आधी. एखादी नोटपॅडमध्ये उघडली की बाकी सगळी गिचमिड दिसते पण अगदी सुरुवातीला जेएफआयएफ किंवा एक्झिफ दिसलं तर तो जेपीजी, पीएनजी दिसलं तर पीएनजी, आणि आरआयएफएफनंतर वेबपी दिसलं तर वेबपी फोटो. नोटपॅडमध्ये सेव्ह न करता बंद करा, मग नावापुढे टिंब देऊन ते एक्स्टेन्शन लावा, फोटो उघडेल.

फाईली शेकड्याने असतील तर हे हाताने करत बसू नका. नीरसॉफ्टचं क्रोमकॅशव्ह्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते त्यांच्याच साईटवरून घ्या आणि शक्यतो दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवून त्याला तुमची कॉपी दाखवा. प्रत्येक फाईल कुठल्या पत्त्यावरून आली ते समोर येतं, मग मंडळाच्या साईटचं नाव शोधलं की झालं. लहान फोटो डेटा १, डेटा २ अशा एकत्र फाईलींमध्ये कोंबलेले असतात, तेसुद्धा यात वेगळे दिसतात. तुम्ही फोटो मोठा करून बघितला हे फार चांगलं झालं, कारण फक्त छोटा चौकोन बघितला असता तर बहुतेक तेवढाच मिळाला असता. आणि इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे क्रोमच्या खाजगी विंडोत, बघितला असेल तर मात्र इथे काही नसेल, ती कॅश डिस्कवर लिहिलीच जात नाही.

नाहीच मिळाला तर वेबॅक मशीन या जुन्या वेबसाईटच्या प्रती जपून ठेवणाऱ्या साईटवर मंडळाच्या साईटचा पत्ता टाकून बघा. आणि मंडळातल्या ज्या ताईंनी साईट चालवली त्यांना फोन करा, मूळ फोटो बऱ्याचदा कुणाच्या तरी मोबाईलमध्ये पडलेला असतो!

प्रश्न : सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीये. अ‍ॅपडेटातलं क्रोमचं यूजर डेटा फोल्डर बरंच मोठं दिसतंय, डिलीट करू का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : नका करू! कॅश त्याच्यात आहे, पण तुमचे बुकमार्क, सेव्ह केलेले पासवर्ड आणि हिस्टरीसुद्धा तिथेच आहे, सगळं एकदम जाईल. क्रोम उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबा, फक्त कॅश्ड इमेजेस अँड फाईल्सवर टिक ठेवा, पासवर्ड आणि कुकीजवरची टिक काढा, वर ऑल टाईम निवडून मगच डिलीट करा.