सॉफ्टबॉल आणि बेसबॉल : बॅटिंग शिकवताना

प्रश्न : माझी मुलगी 11 वर्षांची आहे, शाळेच्या सॉफ्टबॉल संघात खेळते. मुलगा 14 वर्षांचा, तो बेसबॉल खेळतो. तिचे सर सांगतात, बॅट वरून खाली आण आणि चेंडू जमिनीवर मार. त्याचे सर सांगतात, बॅट किंचित वर जाऊ दे. संध्याकाळी अंगणात दोघं एकमेकांना "तुझंच चुकतं" म्हणत भांडतात. दोन खेळांची बॅटिंग एवढी वेगळी असते का? भावाचं पाहून ती शिकली तर बिघडेल का?
— एक आई, नंदनवन, नागपूर

उत्तर : ताई, बिघडणार तर नाहीच, उलट दोघांना एकाच टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या दांडीवर) आलटून पालटून मारायला लावा. मी दोन्ही खेळांच्या मुलामुलींना शिकवते आणि सुरुवातीचं सगळं शिक्षण एकत्रच देते. उभं राहणं, वजन मागच्या पायावर घेणं, पुढचा पाय हलका टाकणं, आधी कंबर वळणं आणि तिच्यामागून हात येणं, हा क्रम दोन्हीकडे तोच असतो. फुटाळा तलावावर चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जावा म्हणून आपण फेकतो ना, तेव्हा कोपर अंगाजवळून पुढे येतं आणि हात कंबरेनंतर सुटतो. बॅटच्या मुठीवर वर असणाऱ्या हाताचं काम अगदी तसंच. हे मुलीला एक आणि मुलाला दुसरं असं शिकवायचं काही कारण मला दिसत नाही.

फरक पडतो तो चेंडू कुठून येतो आणि केव्हा येतो, यात. बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, 10 इंच उंच माउंडवरून (मातीच्या उंचवट्यावरून), खांद्याच्या वरून फेकतो. चेंडू उतरत येतो. म्हणून बॅट किंचित वर जाणारी असली, तर ती चेंडूच्या वाटेवर जास्त वेळ राहते. तुमच्या मुलाचे सर बरोबर सांगताहेत. सॉफ्टबॉलमध्ये पिचर सपाट जमिनीवर उभा असतो आणि चेंडू मांडीजवळून सुटतो. तो बराचसा सपाट येतो, ड्रॉप नावाचा चेंडू असेल तर शेवटी खाली जातो. अशा चेंडूवर बॅट वरून खाली आणली, तर बॅटची वाट आणि चेंडूची वाट एकमेकींना फक्त एका ठिकाणी छेदतात. तो क्षण साधला तर साधला, नाहीतर चेंडूच्या डोक्यावर मार बसून तो पायाशी घरंगळतो. छातीच्या उंचीवर राइजबॉल (वर चढत येतोय असा वाटणारा चेंडू) आला, तर बॅट सपाट ठेवावी लागते हे खरं. पण सपाट म्हणजे कुऱ्हाडीचा घाव नव्हे.

मग तिचे सर असं का सांगत असतील? सॉफ्टबॉलमध्ये धावून गाठायच्या दोन बेसमधलं अंतर 60 फूट आहे, मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये 90 फूट. छोट्या मैदानावर वेगानं धावणाऱ्या मुलीचा जमिनीवरचा चेंडू इनफिल्डला, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांना, घाई करायला लावतो, आणि शालेय सामन्यात त्या घाईत थ्रो चुकतो. डावखुऱ्या मुली धावत धावत चेंडू ढकलतात, त्याला स्लॅप म्हणतात. ते स्वतंत्र कौशल्य आहे, फार सुंदर आहे, पण ते पूर्ण स्विंग, म्हणजे बॅट पूर्ण फिरवणं, आल्यानंतर शिकवायचं. 11 वर्षांच्या मुलीला पहिल्यापासून फक्त खाली मारायला शिकवलं, की पुढे तिचा चेंडू आउटफिल्डपर्यंत, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागापर्यंत, जातच नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ताकद तिच्यात असते.

आता वेळेचं बघा. सॉफ्टबॉल सोपा, असं अनेक पालक धरून चालतात. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचिंगचं अंतर 43 फूट, बेसबॉलमध्ये 60 फूट 6 इंच. पिचर एक मोठं पाऊल पुढे टाकून चेंडू सोडतो, ते वजा करा. ताशी 80 किलोमीटरनं आलेला सॉफ्टबॉल आणि ताशी 115 किलोमीटरनं आलेला बेसबॉल, दोन्ही साधारण अर्ध्या सेकंदात प्लेटवर, म्हणजे बॅट मारणाऱ्यासमोर, येतात. वेग कमी दिसला तरी मुलीला तेवढीच घाई असते. म्हणून तिला शिकवायचं ते असं : पिचरचा हात फिरून डोक्यावर आला, की आपलं वजन मागे. चेंडू सुटताना पुढचा पाय जमिनीला टेकत आलेला. मुलासाठी खूण वेगळी, पिचरनं पाय उचलला की तयारी सुरू. आणि नजर : तिनं पिचरच्या मांडीजवळ बघायचं, त्यानं टोपीच्या बाजूला, जिथून हात येतो तिथं.

नजरेचं महत्त्व किती, याचं एक उदाहरण मी मुलांना नेहमी देते. 2004 साली अमेरिकेत एका प्रदर्शनी सामन्यात जेनी फिंच या सॉफ्टबॉल पिचरनं अल्बर्ट पुहोल्स आणि माइक पियाझा या नामांकित बेसबॉलपटूंना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडू मारूच न देता बाद केलं. त्यांच्या स्विंगमध्ये काय खोट असणार? पण खालून येणारा चेंडू हातातून सुटताना वाचायची सवय त्यांच्या डोळ्यांना नव्हती. तेव्हा अंगणात भावानं तिला खालून हात फिरवूनच चेंडू टाकावा, तिनं त्याला वरून. प्लास्टिकचे हलके चेंडू घ्या, शेजाऱ्यांच्या काचाही वाचतील.

सरांशी बोलताना मुलीसमोर वाद घालू नका. "सर, हिला टीवर थोडे दिवस पूर्ण स्विंग मारू द्याल का?" एवढंच विचारा.

प्रश्न : एक मूल सॉफ्टबॉल खेळतं, दुसरं बेसबॉल. दोघांना मिळून एकच बॅट घेतली तर चालेल का?
— एक पालक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नाही. सॉफ्टबॉलच्या बॅटची जाडी जास्तीत जास्त सव्वादोन इंच असते, बेसबॉलच्या लाकडी बॅटला 2.61 इंचांपर्यंत मुभा आहे. शिवाय बेसबॉल लहान पण कडक, त्यानं सॉफ्टबॉलची पातळ बॅट चेपते. विकत घेताना मुलांना दुकानात घेऊन जा. मुठीवर खाली असणाऱ्या हातानं बॅट बाजूला आडवी, खांद्याच्या रेषेत धरायला सांगा. काही सेकंदांतच हात थरथरून खाली आला, तर बॅट भारी आहे. "पुढच्या वर्षीही चालेल" म्हणून मोठी बॅट घेऊ नका. भारी बॅटनं मूल कंबर वळवायचं सोडून हात ओढायला लागतं आणि ती सवय सुटता सुटत नाही. आणि आपल्या एप्रिल-मे महिन्यांत ॲल्युमिनियमची बॅट उन्हात टाकू नका, हात पोळतो.

प्रश्न : मुलगा आधी क्रिकेट खेळायचा. आता सॉफ्टबॉलमध्ये प्रत्येक चेंडू उचलून मारतो. काय करावं?
— एक वडील, सक्करदरा, नागपूर

उत्तर : दादा, नागपुरात निम्मी मुलं क्रिकेटमधूनच येतात आणि त्यांची चेंडूवरची नजर तयार असते, ही मोठी जमा बाजू. फक्त त्यांची बॅट उभी येते. टी त्याच्या कंबरेएवढी उंच ठेवा, चेंडू समोरच्या जाळीत त्याच उंचीवर लागला पाहिजे एवढंच सांगा. कोपर, मनगट काही बोलू नका, जाळी शिकवते.

दुसरी सवय मात्र लगेच मोडा : ही मुलं मारल्यावर बॅट घेऊन धावतात, आणि ओरडलं की बॅट मागे भिरकावतात. मागे कॅचर आणि पंच असतात. पहिल्या दिवसापासून प्रत्येक फटक्यानंतर बॅट हातातून खाली सोडायची, मग धावायचं. टीवर मारतानाही.