ताटातला पास्ता : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पास्त्याविषयी विचारणारी बरीच पत्रे अलीकडे या सदराकडे आली आहेत. बहुतेक पत्रांचा सूर 'खावा की खाऊ नये' असा आहे. त्यातील निवडक पत्रे संक्षेपाने देऊन त्यांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. दर रविवारी रात्री तिला व्हाइट सॉस पास्ताच हवा असतो. सासूबाईंचे म्हणणे असे की हा सगळा मैदा असून तो आतड्यांना चिकटून बसतो. पास्ता घरात आणणेच बंद करावे का?
— एक आई, पुणे

उत्तर : बंद करण्याची काहीच गरज नाही. मैदा आतड्यांना चिकटून बसत नाही, इतर पिठांप्रमाणेच तो पचतो. त्याच्याविषयीची खरी तक्रार अशी की गव्हाचा कोंडा आणि अंकुर निघून गेल्यामुळे त्यात तंतुमय पदार्थ फारच थोडे उरतात. शिवाय चांगला पास्ता मुळात मैद्याचा नसतो, पण त्याविषयी पुढच्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे.

आपल्या मुलीच्या बशीत काळजी करण्यासारखे काही असेल तर ते पास्त्यात नसून सॉसमध्ये आहे. घरोघरी ज्या पद्धतीने हा सॉस होतो त्याचा हिशेब एकदा मांडून पाहू. दोन माणसांसाठी दोन मोठे चमचे लोणी म्हणजे सुमारे २१५ कॅलरी, दोन मोठे चमचे मैदा ५५ ते ६०, सायीसकट दूध ४०० मिली सुमारे २६० आणि चीजचे दोन क्यूब सुमारे १५५. ही बेरीज ६९० च्या आसपास जाते, म्हणजे एका बशीच्या वाट्याला जवळपास ३४५ कॅलरी एकट्या सॉसच्या येतात. त्याच बशीतल्या ७५ ग्रॅम कोरड्या पास्त्याच्या कॅलरी मात्र २६५ च्या घरात असतात. त्यावर गार्लिक ब्रेड आणि शीतपेय आले, तर एका जेवणात धान्य दुप्पट झाले, साखर भरीला आली आणि भाजी मात्र कुठेच नाही, अशी स्थिती होते.

हा सॉस हलका करणे अवघड नाही. लोण्याऐवजी दोन लहान चमचे तेल घ्यावे, त्यात भरपूर ठेचलेला लसूण आणि दोन लहान चमचे कणीक किंवा मैदा मंद आचेवर परतावा आणि साय काढलेले ३०० मिली दूध थोडे थोडे घालत ढवळत राहावे. चीज २० ग्रॅमच घालावे, पण ते किसून आणि गॅस बंद केल्यावर घालावे, म्हणजे थोड्या चीजचीही चव सगळीकडे लागते. पास्ता शिजवलेले पाणी ओतून देण्यापूर्वी त्यातले वाटीभर बाजूला काढून ठेवावे. त्यात उतरलेल्या पिष्टामुळे सॉसला जो दाटपणा येतो, तो एरवी आपण लोण्याने आणू पाहतो. एवढे केले की सॉसच्या कॅलरी माणशी १८० च्या आसपास उतरतात आणि वाढत्या वयाच्या मुलीला हवे असलेले दुधातले कॅल्शियम मात्र कायम राहते. व्हाइट सॉसचा हा गुण मला मोलाचा वाटतो, कारण या वयातल्या कितीतरी मुली दुधाचा पेला तोंडाला लावत नाहीत.

भाजीचा नियम असा ठेवावा की बशीत शिजलेल्या पास्त्याइतकीच भाजी दिसली पाहिजे. ब्रोकोली आणि झुकिनीच हवी असे मुळीच नाही. फ्लॉवर, गाजर, मटार, फरसबी, सिमला मिरची, पालक, लाल भोपळा या सगळ्या भाज्या या सॉसमध्ये उत्तम लागतात. प्रथिनांसाठी पनीर, उकडलेले काबुली चणे किंवा राजमा घालावा आणि घरी चालत असेल तर अंडे किंवा चिकन. डाळ-कडधान्य आणि गहू एका भांड्यात शिजवणे आपल्याला नवे नाही. वरणफळे आपण त्याच रीतीने करतो, आणि इटलीतही चणे किंवा घेवडा घालून केलेला पास्ता हे घरगुती, पोटभरीचे जेवण मानले जाते. सासूबाईंना एकदा तसा पास्ता वाढून पाहावा, त्यांचा विरोध बराच मावळेल असे मला वाटते.

प्रश्न : दुकानात साधा, रव्याचा, मल्टिग्रेन, पालक-टोमॅटोचा अशी अनेक पाकिटे दिसतात. किमतीत मोठा फरक असतो. नेमके काय घ्यावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पाकिटाची पुढची बाजू सोडून मागची वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे पहिले नाव सर्वांत महत्त्वाचे. तिथे 'ड्युरम व्हीट सेमोलिना' किंवा ड्युरम गव्हाचा रवा असे असेल तर पास्ता अस्सल पद्धतीचा आहे. 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' असेल तर तो मैद्याचा आहे.

ड्युरम हा कठीण दाण्याचा, पिवळसर झाक असलेला गहू. आपल्याकडे तो बन्सी किंवा बक्षी या नावांनी शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे, मध्य प्रदेशातल्या माळव्यात तो मोठ्या प्रमाणावर पिकतो आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे अनेक वाण विकसित केले आहेत. त्यांपैकी 'एमएसीएस ४०२८' या वाणात प्रथिनांचे प्रमाण १४.७ टक्के आहे. इटलीत तर १९६७ सालच्या कायद्यापासून, तिथे बनणारा आणि तिथेच विकला जाणारा सुका पास्ता ड्युरमच्या रव्याचाच असावा असा दंडक आहे. या गव्हाच्या रव्याचे घट्ट पीठ दाबून पास्ता घडवतात, तेव्हा त्यातल्या प्रथिनांची दाट जाळी तयार होते आणि पिष्टाचे कण त्या जाळीत अडकून राहतात. शिजतानाही ही जाळी बरीचशी टिकते. म्हणून असा पास्ता लगदा होत नाही आणि पोटातही त्याचे पिष्ट सावकाश सुटते.

पालक-टोमॅटोच्या रंगीत पास्त्यात भाजीची भुकटी अगदी थोडी असते, तिला भाजीची जागा देऊ नये. मल्टिग्रेन या शब्दावरही भिस्त ठेवू नये. इतर धान्यांची टक्केवारी घटकांच्या यादीत पाहावी आणि पोषणतक्त्यात दर १०० ग्रॅममागे तंतुमय पदार्थ किती आहेत ते पाहावे. साध्या पास्त्यात ते ३ ग्रॅमच्या आसपास असतात, तर अख्ख्या गव्हाच्या पास्त्यात ७ ग्रॅम किंवा त्याहून अधिक. अख्ख्या गव्हाचा पास्ता घरात कोणाला आवडत नसेल तर सुरुवातीला दोन्ही प्रकार निम्मे निम्मे मिसळावेत, मात्र शिजण्याचा वेळ वेगळा असल्यामुळे ते वेगवेगळ्या भांड्यांत शिजवावेत. ग्लुटेन म्हणजे गव्हातले चिकट प्रथिन. ते नसलेला तांदळाचा किंवा मक्याचा पास्ता सीलिअॅक आजार असलेल्यांसाठी, म्हणजे ज्यांना ग्लुटेनने अपाय होतो त्यांच्यासाठी, आवश्यक आहे. इतरांनी त्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : मी ५८ वर्षांचा असून मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. मुलगा मिलानला नोकरीस असून आम्ही उभयता तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे जाणार आहोत. आम्ही शाकाहारी आहोत. तिथे पास्ता टाळता येणार नाही, तेव्हा काय पथ्य पाळावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मधुमेह असणाऱ्यांनी पास्त्याला घाबरावे त्याहून अधिक पांढऱ्या ब्रेडला घाबरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. रक्तातली साखर किती वेगाने वाढते हे सांगणारा ग्लायसेमिक निर्देशांक पांढऱ्या ब्रेडच्या बाबतीत ७५ च्या आसपास असतो, तर नीट शिजवलेल्या साध्या स्पॅगेटीच्या बाबतीत ५० च्या आसपास. वर सांगितलेल्या प्रथिनांच्या जाळीचा हा परिणाम आहे. परंतु निर्देशांक कमी म्हणून वाटेल तेवढे खावे असा त्याचा अर्थ होत नाही, कारण साखर शेवटी किती चढणार हे एकूण पिष्टमय पदार्थांवरही ठरते. ६० ग्रॅम कोरड्या पास्त्यात ते सुमारे ४३ ग्रॅम असतात, म्हणजे साधारण अडीच मध्यम फुलक्यांइतके. आपण घरी जेवणात जितके फुलके खाता त्या हिशेबाने पास्ता घ्यावा आणि त्या जेवणात ब्रेड, भात किंवा बटाटा घेऊ नये. मुलाच्या स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर पास्ता शिजवण्यापूर्वी कोरडाच मोजावा, कारण शिजल्यावर त्याचे वजन दुपटीहून थोडे अधिक होते आणि डोळ्यांचा अंदाज फसतो. इटलीत प्रौढ माणसाचे प्रमाण ८० ग्रॅम कोरडा पास्ता असे धरतात. आपल्याला ५० ते ६० ग्रॅम पुरेसा आहे.

शिजवण्याकडे स्वतः लक्ष द्यावे. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दीड-दोन मिनिटे आधी एक तुकडा काढून दाताने तोडावा. त्याच्या मधोमध खडूसारखा पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका जेमतेम नाहीसा झाला की लगेच पाणी निथळून घ्यावे. तुकडा दाताखाली किंचित घट्ट लागला पाहिजे. आपल्याकडे वेळ वाचवण्यासाठी पास्ता कुकरमध्ये शिजवतात, त्यात तो गळून जातो आणि त्याचा साखरेवरचा परिणामही वाढतो. पाण्यात मीठ घालताना तिथे लिटरला १० ग्रॅमचा प्रघात आहे. रक्तदाबाचा त्रास असेल तर ते निम्म्यावर आणावे.

जेवणाचा क्रमही उपयोगी पडतो. आधी सॅलड किंवा शिजवलेली भाजी, नंतर कडधान्य किंवा पनीरसारखा पदार्थ आणि शेवटी पास्ता असे खाल्ल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. बाहेर जेवताना चण्यांचा 'पास्ता ए चेची' किंवा घेवड्याचा 'पास्ता ए फाजोली' मागवावा. दक्षिणेकडच्या पुलिया प्रांतातला पालेभाजीबरोबरचा ओरेक्कीएत्ते (लहान कानाच्या आकाराचा पास्ता) हाही चांगला असतो, मात्र त्यात पुष्कळदा अँकोव्ही मासे घालतात, म्हणून मागवण्यापूर्वी विचारावे. पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या जठरातील रेनेट (दूध फाडणारा पदार्थ) वापरून करतात आणि भाज्यांच्या सूपमध्येही कधी मांसाचे पाणी असते. शाकाहार कटाक्षाने पाळत असल्यास हे लक्षात ठेवावे. किराणा घेताना पाकिटावर 'इंतेग्राले' असे दिसले तर तो अख्ख्या गव्हाचा पास्ता समजावा.

साखर मोजण्याचे यंत्र बरोबर न्यावे आणि पहिल्या आठवड्यात पास्त्याच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासून लिहून ठेवावी. त्या आकड्यांवरून आपले प्रमाण आपल्यालाच ठरवता येईल. गोळ्या चालू असताना पास्त्याच्या भीतीने जेवणच अर्धवट सोडणे मात्र धोक्याचे आहे, काही गोळ्यांमुळे साखर एकदम खाली जाऊ शकते. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी याविषयी बोलून घ्यावे.

प्रश्न : वजन कमी करायचे असेल तर रात्री पास्ता वर्ज्य का?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : रात्र झाली म्हणून पास्त्याच्या कॅलरी वाढत नाहीत. २०१८ साली टोरांटोच्या संशोधकांनी सुमारे तीस चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा कमी ग्लायसेमिक निर्देशांकाच्या आहाराचा भाग म्हणून पास्ता खाणाऱ्यांचे वजन वाढले नाही, उलट किंचित कमी झाले. त्या संशोधकांपैकी काहींना पास्ता उद्योगाकडून अर्थसाहाय्य मिळालेले होते हेही वाचकांना ठाऊक असावे, आणि संपूर्ण आहारच आखीव होता हेही. त्यातून एवढेच घ्यावे की आठवड्यातून एक-दोनदा, भाजी आणि प्रथिनांसह, मोजून खाल्लेला पास्ता वजन कमी करण्याच्या आड येत नाही. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसभराच्या एकूण कॅलरींपैकी ४५ टक्क्यांपर्यंतच धान्यांमधून याव्यात. पास्त्याची जागा त्या ४५ टक्क्यांत, म्हणजे पोळी-भाताच्या बदली आहे. पोळी-भात खाऊन वर पास्ता घेतल्यास त्याचा दोष पास्त्याला देता येणार नाही.

प्रश्न : डब्यासाठी मसाल्यासह मिळणारा झटपट पास्ता देते. तो चालेल का? आणि रात्रीचा उरलेला पास्ता सकाळी डब्यात द्यावा का?
— एक नोकरदार आई, ठाणे

उत्तर : झटपट पास्ता रोज नको. त्याच्या मसाल्यात मीठ फार असते. प्रौढ माणसासाठी दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडिअम ही मर्यादा आहे आणि मुलांसाठी ती त्याहूनही कमी. एका पाकिटात किती सोडिअम आहे हे मागे छापलेले असते, ते एकदा वाचले की निर्णय सोपा होतो. घाईच्या दिवशी द्यावा लागलाच तर मसाला निम्माच घालावा आणि मूठभर मटार व किसलेले गाजर त्यातच शिजवावे.

उरलेला पास्ता देण्यास मात्र काही हरकत नाही. शिजवून थंड केलेल्या पास्त्यातले काही पिष्ट सहज न पचणाऱ्या रूपात बदलते, पुन्हा गरम केल्यावरही त्यातले काही टिकते आणि साखर किंचित सावकाश चढते. हा फायदा लहानसाच आहे. स्वच्छतेची काळजी त्याहून महत्त्वाची आहे. पास्ता शिजल्यावर दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवावा, सॉस शक्यतो वेगळा ठेवावा आणि दोन दिवसांत संपवावा. सकाळी चमचाभर तेलात लसूण-टोमॅटो परतून त्यात हा पास्ता आणि उकडलेले मूग किंवा चणे घालून वाफ येईपर्यंत गरम करावा. दुधाचा सॉस घातलेला पास्ता मात्र उन्हाळ्यात डब्यात देऊ नये.